आज प्रथम काय?

वाचनभाग : मत्तय ६:२५-३४, नहेम्या ६:१-१६, मार्क १:३२-३८



काही वर्षांपूर्वी एका बैठकीच्या निमित्ताने वाराणसीस जाण्याचा योग आला. हिवाळ्याचे दिवस होते. पहाटे उठून मी गंगेच्या काठी गेलो. या नगरीपाशी गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. नगर तिच्या पश्चिम तीरावर वसलेले असल्यामुळे ऐंशीहून अधिक घाटांच्या पायऱ्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या आहेत. सूर्य उगवला की त्याचा पहिला किरण मधे काही आडवे न येता नगराच्या अंगावर पडतो. जणू या नगराने आपले तोंड कोणत्या दिशेस असावे हे एकदाच ठरवून टाकले आहे.

याच घाटांपैकी मानमंदिर घाटावरील वाड्याच्या गच्चीवर जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. दगडचुन्याच्या त्या यंत्रांवर पडणारी सावली पाहून वेळ मोजत असत. ती सावली कशी सरकते हे मी बराच वेळ पाहत उभा होतो. डोळ्यांना ती हललेली दिसत नाही. परंतु थोड्या वेळाने पाहावे तर ती पुढे गेलेली असते. आपले आयुष्यही असेच सरकते. मोशेच्या नावावर असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात भक्त देवाजवळ आपले दिवस मोजण्याची शिकवण मागतो. त्याने दिवस वाढवून मागितलेले नाहीत, मिळालेले दिवस मोजता यावेत एवढेच मागितले आहे. कारण त्या मोजणीतून अंतःकरणाला शहाणपण येते.

त्या सावलीपाशी उभे असताना मला माझ्या एका जुन्या रोजनिशीची आठवण झाली. आज तिच्याविषयी आपणांपुढे कबुली द्यावयाची आहे.

रोजनिशीतील एक नाव

मी महाराष्ट्रातील एका मंडळीत पाळक म्हणून सेवा करीत होतो, तेव्हाची गोष्ट. मंडळीतील एक वृद्ध निवृत्त शिक्षक आजारी होते. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी कोणाकरवी निरोप पाठविला, "पाळकसाहेब, सवडीने एकदा घरी या. थोडे बोलावयाचे आहे." मी त्याच सायंकाळी रोजनिशीत त्यांचे नाव लिहिले. सोमवारी बांधकाम समितीची बैठक लांबली. मंगळवारी एका विवाहाची कागदपत्रे पूर्ण करावयाची होती. बुधवारी नाताळच्या कार्यक्रमाची तालीम, गुरुवारी बाहेरगावचे पाहुणे. दररोज रात्री मी ते नाव इमानेइतबारे दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवून घेत असे. लिहिले म्हणजे निम्मे काम झाले, असे मनाला वाटे.

बाराव्या दिवशी पहाटे दार वाजले. गुरुजींचा मुलगा उभा होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, बाबा रात्री प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. दफनविधी किती वाजता ठेवावा?"

त्या दिवशीही माझ्या रोजनिशीत अनेक कामे होती. ती सर्व मी तत्काळ बाजूला सारली. गुरुजींच्या घरी गेलो, मंदिरात उपासना घेतली, कबरस्तानात गेलो, पुन्हा त्यांच्या घरी जाऊन कुटुंबाबरोबर बसलो. रात्री सहज हिशेब केला तेव्हा माझे मलाच भय वाटले. जिवंत गुरुजींसाठी ज्याला बारा दिवसांत अर्धा तास सापडला नव्हता, त्याला गुरुजी गेल्यावर त्यांच्यासाठी एका दिवसात पाच तास सापडले होते. म्हणजे वेळ होता. त्यांना माझ्याशी काय बोलावयाचे होते, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

बंधुभगिनींनो, त्या बारा दिवसांत मी आळशी नव्हतो. एकही काम पापाचे नव्हते. उलट सारी कामे मंडळीचीच होती. चूक निराळ्याच ठिकाणी होती. जे काम मोठ्याने हाक मारी, ते मी आधी करीत होतो. आणि जो मनुष्य हळू आवाजात बोलावीत होता, त्याला पुढच्या पानावर ढकलीत होतो.

घड्याळ कोणत्या रेषेवर लावावे?

आपल्या घरातील घड्याळाविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे. ती रेषा वाराणसीच्या शेजारच्या मिर्झापूरजवळून जाते. ही प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. तथापि मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत त्या शहरात वापरात होती. एकाच शहरात आगगाडीची वेळ एक आणि नगराची वेळ दुसरी, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. आज मुंबईच्या किंवा नागपूरच्या घरातील घड्याळ त्या घरावरच्या सूर्याप्रमाणे चालत नाही. ते दूरच्या एका रेषेप्रमाणे चालते, आणि म्हणूनच साऱ्या देशाचा मेळ बसतो.

विश्वासणाऱ्याच्या दिवसालाही अशी एक रेषा हवी असते. ती नसेल तर घरात एक वेळ, कचेरीत दुसरी आणि मंडळीत तिसरी चालते. मनुष्य तिन्ही ठिकाणी उशिराच पोहोचतो. कधी शेजाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे, कधी स्वतःच्या लहरीप्रमाणे आणि अलीकडे तर हातातील मोबाईलच्या प्रत्येक घंटीप्रमाणे आपण आपले घड्याळ पुन्हापुन्हा लावीत राहतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू ही रेषा एका शब्दात आखून देतो. तो शब्द म्हणजे 'प्रथम'. अन्न, वस्त्र आणि उद्याची काळजी यांविषयी बोलून झाल्यावर तो सांगतो की, प्रथम देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व यांचा शोध घ्यावा. बाकीच्या गोष्टींची गरज आपल्या स्वर्गीय पित्यास ठाऊक आहे. बाकीच्या गोष्टी निरुपयोगी आहेत असे तो म्हणत नाही. त्यांना त्यांचे स्थान आहे. परंतु ते पहिले स्थान नव्हे.

वाराणसीतील एक तरुण पंडित

याच वचनांच्या सान्निध्यात वाराणसीत राहणाऱ्या एका मराठी तरुणाचे आयुष्य पालटले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झांशीजवळील एका गावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला आणि ते वाराणसीत वाढले. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन त्यांनी लहान वयातच केले होते. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे वाराणसीत उपदेश करीत असत. त्यांच्याशी वाद करावा, या हेतूने विशीच्या उंबरठ्यावरील हा पंडित त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर यांनी संस्कृतात लिहिलेला 'मतपरीक्षा' हा ग्रंथ हाती आला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतातच रचला. परंतु ज्या मताचे खंडन करावयाचे, त्याचे शास्त्र वाचण्यास त्यांनी वेळ दिला. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. आप्तस्वकीयांचा तीव्र विरोध असताना, १४ मार्च १८४८ रोजी, वाराणसीपासून सुमारे ६० किलोमीटरवरील जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी नेहेम्या हे नाव घेतले.

वादात जय मिळविणे प्रथम की सत्य प्रथम, घराण्याचा मान प्रथम की प्रभूची हाक प्रथम, हे त्यांना ठरवावे लागले आणि त्यांनी ते ठरविले. पुढे १८६० साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला, १८७० मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ताकडील वाटचालीत त्यांच्या लेखनाचा वाटा राहिला. १८९५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मात्र त्यांचे चरित्र वाचणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. बाप्तिस्म्यानंतरही अनेक वर्षे शंका त्यांचा छळ करीत राहिल्या. 'प्रथम काय?' याचा निर्णय एकदा करून भागत नाही. जौनपूरला केलेला निर्णय त्यांना पुढे कितीतरी सकाळी पुन्हा करावा लागला असेल. आपणांसही तो रोज करावा लागतो, आणि म्हणूनच हा विषय दैनंदिन आहे.

भिंत बांधणारा नहेम्या

ज्याचे नाव गोऱ्ह्यांनी धारण केले, तो जुन्या करारातील नहेम्या हा कामाची व वेळेची योजना करणारा मोठा सेवक होता. यरुशलेमेची पडलेली भिंत त्याने ५२ दिवसांत उभी केली. हे कसे घडले? राजाने प्रश्न विचारताच उत्तर देण्यापूर्वी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. यरुशलेमेस पोहोचल्यावर लगेच लोक जमवून भाषण केले नाही. रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन भिंत कोठे, किती पडली आहे हे आधी पाहिले. मग काम वाटून दिले. तिसऱ्या अध्यायातील नामावली आपणांस कंटाळवाणी वाटते. परंतु तीत एक सुंदर गोष्ट वारंवार येते. पुष्कळांना त्यांच्या त्यांच्या घरासमोरील भाग बांधावयास मिळाला होता.

काम रंगात आले तेव्हा सनबल्लट व गेशेम यांचा निरोप आला की, ओनोच्या मैदानातील एका गावी या, आपण भेटू. निमंत्रण सभ्य होते. नहेम्याचे उत्तर असे होते की, मी मोठे काम करीत आहे, ते सोडून तुमच्याकडे उतरून येण्यास मला सवड नाही. असे निमंत्रण चार वेळा आले आणि चारही वेळा त्याने तेच उत्तर दिले. पाचव्या वेळी उघडे पत्र आले, त्यात बदनामीची धमकी होती. तरीही तो खाली उतरला नाही.

प्रिय वाचकहो, आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून आपली कितीतरी भिंत अर्धवट राहते. ज्या बैठकीत आपली आवश्यकता नाही तिला आपण जातो, कारण न गेल्यास लोक काय म्हणतील ही भीती असते. आपल्या घरासमोरची भिंत पडलेली असते, मुलाशी महिनोन्महिने धड बोलणे झालेले नसते, आणि आपण ओनोच्या मैदानात चहा घेत बसलेले असतो.

प्रभूने न केलेली कामे

कोणी म्हणेल, गरजवंताला 'नाही' म्हणणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय? मार्कच्या पहिल्या अध्यायाकडे पाहू या. कफर्णहूमात शब्बाथाची संध्याकाळ झाली आणि सारे नगर दाराशी लोटले. प्रभूने अनेकांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांती गेला आणि तेथे प्रार्थना करीत राहिला. शिमोन व त्याचे सोबती शोधीत आले. सर्व लोक आपला शोध करीत आहेत, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रभूने कफर्णहूमास परत न जाता आसपासच्या गावांत जाण्याचे ठरविले, कारण तेथेही उपदेश करावा यासाठीच तो आला होता.

याचा अर्थ असा की, त्या सकाळी कफर्णहूमात कोणी ना कोणी निराश झाला असेल. गर्दीची मागणी खरी होती. तरी त्या दिवसाचे पहिले काम कोणते हे गर्दीने ठरविले नाही, पित्याबरोबरच्या त्या अंधारातील भेटीत ते ठरले. वधस्तंभापूर्वीच्या रात्री प्रार्थनेत प्रभू पित्यास म्हणतो की, तू मला करावयास दिलेले काम मी पुरे केले आहे. त्याही रात्री गालीलात आजारी होते, यहूदीयात आंधळे होते. जगातील सर्व कामे संपविली, असे त्याने म्हटले नाही. दिलेले काम पुरे केले, असे म्हटले. एवढा विचार अंतःकरणात ठसला तरी आपल्या मानेवरचे केवढे तरी ओझे उतरेल! देवाने दिलेल्या कामासाठी देवाने दिलेला दिवस पुरतो. पुरत नसेल, तर त्यात न दिलेले काहीतरी आपण भरले आहे, किंवा दिलेले काम दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेले नाही.

वाटून घेणे हेही शास्त्रातीलच शिक्षण आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसे. तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला समजाविले की, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. प्रेषितांनी प्रार्थना व वचनाची सेवा आपल्याकडे ठेवली आणि विधवांच्या अन्नवाटपासाठी आत्म्याने परिपूर्ण असे सात पुरुष निवडावयास लावले. अन्नवाटप हलके काम होते असे त्यांनी मानले नाही; म्हणून तर त्यासाठी अशी माणसे निवडली. आपल्या मंडळ्यांत मात्र एकच मनुष्य चिटणीस, खजिनदार व रविवारच्या शाळेचा शिक्षक असतो, आणि दहा तरुण बाकावर बसून असतात.

अडथळा की हाक?

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. वेळापत्रक हीच मूर्ती होऊ शकते. याईराची मुलगी मरणोन्मुख होती आणि प्रभू त्याच्या घरी निघाला होता. याहून निकडीचे काम ते कोणते? तरीही वाटेत वस्त्राला स्पर्श करणाऱ्या रोगी स्त्रीसाठी तो थांबला, तिला बोलते केले, शांतीने पाठविले. मग सनबल्लटाचा निरोप आणि त्या स्त्रीचा स्पर्श यांतील भेद कसा ओळखावा?

मला वाटते, तो भेद असा आहे. सनबल्लटाला नहेम्याचे काम थांबवावयाचे होते. त्या स्त्रीचे दुःख हे प्रभूच्या कामाचाच भाग होते. एकाने खाली ओढले. दुसरीने हात पुढे केला. जो अडथळा आपल्याला एखाद्या माणसाजवळ नेतो, तो बहुधा देवाची हाक असतो. आणि जो आपल्याला माणसांपासून दूर, केवळ आपल्या प्रतिष्ठेकडे किंवा करमणुकीकडे नेतो, त्याला चार वेळा 'नाही' म्हणण्यास हरकत नाही. माझ्या गुरुजींचा निरोप हा तसा हात होता. मी त्याला अडथळा समजलो.

एकांत कोणाला परवडतो?

पहाटेच्या प्रार्थनेविषयी सांगणे सोपे असते. परंतु जी भगिनी पहाटे पाण्याच्या नळासाठी उठते, मग डबे भरते, मुलांना शाळेत धाडते आणि स्वतः कामाला धावते, तिला एकांत कोठून आणावा? जी परिचारिका रात्रपाळी करून सकाळी घरी येते, तिची पहाट कोणती? अशांना आणखी एक ओझे देण्याची माझी इच्छा नाही. देव घड्याळाचा काटा पाहून कोणाला भेटत नाही. परिचारिकेची पहाट सायंकाळी असू शकते. मात्र तिच्या पतीला व मुलांना मी अवश्य विचारीन की, तिला दिवसातून वीस मिनिटांचा एकांत मिळावा म्हणून तुम्ही कोणते काम आपल्या हाती घेतले आहे? मार्थेची अडचण कामाची नव्हती. ती अनेक बाजूंनी ओढली जात होती आणि कोणी हात लावीत नव्हते. मरीयेने उत्तम वाटा निवडला हे खरेच. पण मार्थेलाही तो वाटा मिळावा, अशी घरातील इतरांनी व्यवस्था करावयास नको काय?

इंग्लंडमधील सुसाना वेस्ली यांच्या घरी मोठे लेकुरवाळे कुटुंब, सतत कर्ज आणि अपुरी मिळकत होती. त्यांनी १७१२ साली पतीस लिहिलेल्या पत्रात आपला क्रम कळविला आहे : आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्यासाठी राखून ठेवलेली असे. गुरुवारची संध्याकाळ जॉनची होती. तोच पुढे जॉन वेस्ली म्हणून जगास ठाऊक झाला. प्रौढपणी त्याने आईला त्या गुरुवारच्या संध्याकाळीची आठवण करून दिली. आपल्या मुलांना आपण आयुष्यात कोणता वार देणार आहोत?

मराठी माणसाने तर दूर जाण्याचेही कारण नाही. वाराणसीतील विश्वनाथाचे मंदिर १७८० साली उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांची दिनचर्या सर जॉन माल्कम यांनी चौकशी करून १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविली आहे. उजाडण्यापूर्वी एक तास त्या उठत. प्रार्थना, ग्रंथश्रवण आणि दानधर्म झाल्यावर साधे भोजन व थोडी विश्रांती. दोन वाजता दरबार, तो सहापर्यंत. मग दोन-तीन तास भक्ती व अल्पाहार. आणि पुन्हा नऊ ते अकरा राज्यकारभार. आपल्या हातातील प्रत्येक अधिकाराबद्दल देवाला जाब द्यावयाचा आहे, अशी त्यांची भावना होती, असेही माल्कम सांगतात. श्रद्धेचा मार्ग आपला भिन्न आहे. पण माळव्याचा कारभार सांभाळणाऱ्या एका विधवेला भक्तीसाठी व रयतेसाठी ठराविक वेळ राखता आला, हे वाचून 'मला वेळच मिळत नाही' हे वाक्य आपल्या ओठांवर अडखळले पाहिजे.

आणि वाराणसीतच १८५३ साली जन्मलेली नेहेम्या गोऱ्हे यांची कन्या एलेन लक्ष्मी! तान्हेपणीच तिची आई वारली. ती परक्यांच्या हाती वाढली, इंग्लंडला गेली, १८८० मध्ये भारतात परतली, अलाहाबादेत अनाथ मुलींची सेवा केली आणि डीकनेस झाली. प्रभूच्या सान्निध्यातील गुप्त एकांताविषयी तिने लिहिलेले इंग्रजी गीत अनेक देशांतील मंडळ्यांनी गायिले. जिला लहानपणी स्वतःचे घर मिळाले नाही, तिला त्या एकांतात घर मिळाले. देवाजवळचा वेळ हा कामातून वाचलेला उरलासुरला वेळ असेल तर असे गीत त्यातून येत नाही.

आता करावयाचे काय?

पौल इफिसकरांस सांगतो की, दिवस वाईट आहेत म्हणून वेळेचा सदुपयोग करून घ्यावा. मूळ ग्रीक शब्दाचा भाव बाजारातून मोल देऊन सोडवून घेण्याचा आहे. वेळ फुकट मिळत नाही. काहीतरी सोडावे लागते. त्यासाठी मी पुढे काही साधे नियम पाळू लागलो. ते आपणांपुढे ठेवतो.

रात्री निजण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर लिहावीत. कागदावर आलेली काळजी उशाशी येऊन बसत नाही. पहाटे, बाहेरचा आवाज कानी पडण्यापूर्वी आणि मोबाईल हाती घेण्यापूर्वी, तो कागद प्रार्थनेत देवापुढे ठेवावा. प्रत्येक कामाविषयी तीन प्रश्न विचारावेत : हे काम देवाने मला दिले आहे काय? आज ते राहिले तर कोणा माणसाची हानी होईल काय? माझ्याऐवजी दुसरा कोणी ते करू शकेल काय? मग एका कामापुढे खूण करून ते इतरांच्या आधी करावे. जे काम तीन दिवस पुढच्या पानावर गेले असेल, त्याला चौथे पान देऊ नये. ते त्याच दिवशी करावे, किंवा दुसऱ्याकडे सोपवावे, किंवा ज्याचे ते काम आहे त्याला नम्रपणे सांगावे की, हे माझ्याने होणार नाही. माणसाचे नाव असेल, तर मात्र त्या दिवशी बाकी सर्व थांबवून त्याच्याकडे जावे.

आठवड्यातला एक दिवस देवाचा व विश्रांतीचा ठेवावा. रानात मान्ना रोज त्या दिवसापुरता मिळे. लोभाने उरविलेल्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशीचा दुप्पट मान्ना सातव्या दिवशी टिकत असे. विश्रांतीच्या दिवसाची तरतूद देव स्वतः करतो, हे इस्राएलास चाळीस वर्षे शिकावे लागले. आणि दिवसाच्या शेवटी जे राहून गेले असेल ते देवाच्या हाती देऊन क्षमा मागून झोपावे. उद्याची काळजी उद्याला पुरे, असे सांगणारा प्रभू आजच्या अपुरेपणालाही ओळखतो.

शेवटी आपण वधस्तंभाजवळ येऊ या. प्रभूजवळ आता थोडेच तास उरले होते. साऱ्या जगाच्या तारणाचे कार्य त्याच्या हातून पुरे होत होते. त्या वेळी त्याने शेजारच्या चोराची विनंती ऐकली आणि आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपविले. एवढ्या मोठ्या कामातही त्याला एका माणसासाठी वेळ होता. त्या चोराला त्याने पुढच्या पानावर ढकलले नाही, 'आजच' म्हटले.

माझी ती जुनी रोजनिशी मी अजून ठेवली आहे. तिच्या लागोपाठच्या पानांवर एकच नाव आहे. देवाने मला क्षमा केली आहे, असा माझा विश्वास आहे. तरी ती पाने मी फाडलेली नाहीत. आपल्याही मनाच्या रोजनिशीत असे एखादे नाव असेल : दूर गेलेला भाऊ, एकटी पडलेली आई, जिच्याशी अबोला आहे अशी सून, रुग्णालयात असलेला सहकारी. हा अंक मिटून ठेवाल, तेव्हा ते नाव आठवा. सावली सरकते आहे. उद्याच्या पानावर लिहू नका.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. जे तू दिले नाहीस ते नाकारण्याचे धैर्य, जे दिलेस ते पुरे करण्याची शक्ती, आणि दाराशी आलेल्या माणसात तुझी हाक ओळखण्याची दृष्टी आम्हांस दे. ज्यांना आम्ही 'उद्या' म्हटले, त्यांच्याकडे आज आम्हांस पाठीव. आणि ज्यांच्याकडे जाण्याची वेळ निघून गेली आहे, त्यांच्याविषयी आमची क्षमा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.